पोरं सांभाळत व्यायाम: गच्चीवरच्या चाळीस मिनिटांचा हिशेब

पत्राचा गोषवारा: साताऱ्यात गोडोलीला राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. वय ३२. थोरली मुलगी साडेचार वर्षांची, तिच्या वेळी नॉर्मल बाळंतपण. धाकटा ११ महिन्यांचा, त्याच्या वेळी सिझेरियन. तो अजून अंगावर पितो. एकाच इमारतीतल्या चौघी जणी संध्याकाळी सहाला खाली पार्किंगमध्ये जमतात, मोबाइलवर व्हिडिओ लावतात आणि तासभर व्यायाम करायचं ठरवतात. चौघींची मिळून सहा पोरं. पाचव्या मिनिटाला एक रडतं, दुसरं आईच्या पाठीवर चढतं, तिसरं मोबाइल घेऊन पळतं. तीन वेळा सुरू केलं, तीनदा मोडलं. ताई विचारतात की मुलं बरोबर असताना व्यायाम होतो का, की बाळ शाळेत जाईपर्यंत थांबावं? थोरली जरा अंगानं भरलेली आहे, तिचंही वजन उतरावं म्हणून तिला शेजारी उभं करतात, पण ती ऐकत नाही. सासूबाई म्हणतात, उड्या मारशील तर दूध आटेल, त्यापेक्षा पोट बांध. नवरा म्हणतो, रोज बारा सूर्यनमस्कार घाल, विषय संपला. रविवारी बाळाला छातीशी कॅरियरमध्ये घेऊन टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत किंवा अजिंक्यतारा किल्ल्यावर जावं का, आणि वर्गणी काढून पोरांसाठी छोटी ट्रॅम्पोलीन घ्यावी का, हेही त्यांना विचारायचं आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘उड्या मारताना थोडी लघवी होते, पण ते सगळ्यांनाच होतं म्हणतात.’

ताई,

एवढ्या मोठ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. आपण तिथूनच सुरुवात करू. पार्किंगमधला गोंधळ नंतर बघू.

उडी मारताना, शिंकताना, खोकताना थेंबथेंब लघवी जाणं बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं, हे खरं. पण पुष्कळ जणींना होतं म्हणून ते सोसत बसायचं कारण नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. गर्भाशय, मूत्राशय, आतडी या सगळ्यांचा भार तिच्यावर असतो. नऊ-नऊ महिने दोनदा तिने तो पेलला आहे. सिझेरियन झालं म्हणून ती त्यातून सुटली असं होत नाही. आणि व्हिडिओतली बाई ‘जंपिंग जॅक, तीस’ म्हणते तेव्हा प्रत्येक उडीला तोच भार वरून आदळतो. त्यामुळे उड्या आजपासून बंद. दोरीवरच्या उड्या, बर्पी (खाली बसून, पाय मागे टाकून, उठून उडी), जागच्या जागी पळणं, सगळंच. कायमचं नाही, पण निदान तीन महिने तरी.

त्या तीन महिन्यांत करायचं ते असं. उताणं झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर टेकवा. चारचौघांत वात अडवताना आतून जसं आवळतो तसं आवळा, त्याबरोबरच लघवी रोखल्यासारखं करा आणि हे सगळं आत आणि वर ओढल्याची जाणीव होऊ द्या. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरता येईल, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. जेवढं धरलं तेवढंच सैल सोडायचं. असं आठ ते दहा वेळा. मग दहा वेळा झटपट आवळा-सोडा. दिवसातून तीनदा. चुकतं कुठं? मांड्या आणि कुल्ले आवळले जातात, श्वास कोंडला जातो, आणि कित्येक जणी वर ओढण्याऐवजी शौचाला जोर करावा तसं खाली ढकलतात. हे शेवटचं तर उलट नुकसान करतं. हात पोटावर ठेवा. पोट फुगून वर आलं तर तुम्ही ढकलताय. लघवी करताना मध्येच धार थांबवून बघायची सवयही लावून घेऊ नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. जमायला लागलं की ते रोजच्या कामात आणा: शिंक येतेय असं वाटलं, बाळाला उचलायचं आहे, पाण्याची बादली उचलायची आहे, की त्याआधी आवळायचं.

तीन महिने नेमानं करूनही फरक पडला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘मला याच स्नायूंच्या फिजिओथेरपीला पाठवा’ असं स्पष्ट सांगा. कराडला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, तिथं चौकशी करता येईल. खाली काहीतरी उतरल्यासारखं, जड वाटत असेल, टाक्याच्या जागी ओढ लागून दुखत असेल किंवा व्यायामानंतर रक्तस्राव होत असेल, तर तीन महिने थांबू नका, आधी दाखवून घ्या.

आता झोपलेल्याच आहात तर आणखी एक तपासणी. बोटं एकमेकांना चिकटवून, टोकं पायांकडे करून बेंबीच्या जरा वर ठेवा आणि डोकं जमिनीपासून थोडं उचला. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंच्या मधे बोटं खाली जातील. एक-दोन बोटांची फट असेल तर काळजी नको. त्याहून जास्त असेल, किंवा डोकं उचलताच पोटाच्या मधोमध तंबूसारखा उंचवटा उठत असेल, तर क्रंचेस (उताणं पडून डोकं-खांदे उचलणं), दोन्ही पाय एकदम उचलणं, लांब वेळचा प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) हे सध्या नको. पोट आत जावं म्हणून बायका नेमके हेच प्रकार करतात, आणि त्यांनीच दोन स्नायूंना जोडणारी मधली पट्टी जास्त ताणली जाते. पुढे कुठलाही व्यायाम करताना हा उंचवटा दिसला की तो प्रकार तुमच्यासाठी अजून अवघड आहे, इतकं ओळखायचं.

सासूबाईंचं पोट बांधणं यात येतं कुठं? सिझेरियननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हलका आधार बरा वाटतो, खोकताना टाक्यांना बरं पडतं. पण पट्ट्यानं स्नायूंची फट मिटत नाही की चरबी हटत नाही, आणि अकराव्या महिन्यात घट्ट आवळलेलं पोट सगळा दाब खालच्या झोळीवरच ढकलतं. दुधाचं म्हणाल तर बेताच्या व्यायामानं दूध कमी होत नाही. दूध कमी होतं ते उपाशी राहिल्यानं आणि बाळ कमी वेळा पाजल्यानं. बाळ सहा ते बारा महिन्यांचं असताना पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५२० कॅलरी जादा लागतात, असं आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे. म्हणजे व्यायाम सुरू केला म्हणून रात्रीची भाकरी बंद करायची नाही. उलट सासूबाईंना वेगळ्याच कामात सामील करून घ्या, ते पुढे सांगते.

आता गोंधळाकडे. तुमच्या तिन्ही प्रयत्नांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: व्यायाम म्हणजे सलग एक तास, मधे कुणी हाक मारायची नाही, सगळ्यांनी एकच व्हिडिओ एकाच वेळी करायचा. हा आराखडा एकट्या, बिनमुलाच्या, चांगली झोप झालेल्या माणसाचा आहे. त्यात सहा पोरं कोंबली की तो मोडणारच, आणि मग दोष पोरांच्या माथी जातो. सलग तासाचा आग्रह कशासाठी? जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असं आहे. बाळंतपण झालेल्या बाईसाठीही किमान १५० मिनिटंच. पूर्वी ही मिनिटं निदान दहा-दहाच्या तुकड्यांत हवीत असा नियम होता. २०२० मध्ये तो काढून टाकला. आता चार मिनिटांचा तुकडाही हिशेबात धरतात.

दुसरं गृहीतक जागेचं आणि वेळेचं. संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये लोक कामावरून परततात. नुकतीच लावलेली दुचाकी, तिचा तापलेला सायलेन्सर आणि तिथंच रांगणारं अकरा महिन्यांचं पोर, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. पोटरीवरचा चटका हे तिथलं सगळ्यात किरकोळ संकट, गाडी मागे घेणाऱ्याला रांगतं मूल आरशात दिसतही नाही. शिवाय सहा-साडेसहाला लहान मुलांना भूक लागलेली असते, झोप डोळ्यांवर असते. पोरं चिडचिडी होतात ती व्हिडिओमुळे नाही. सव्वापाचला सुरू करा, त्याआधी अर्धा तास मुलांना काहीतरी खायला द्या, बाळाला पाजून घ्या. पाजून घेतलं की तुम्हालाही हलकं वाटतं.

जागा गच्ची घ्या, पण अटीवर. कठडा थोरल्या मुलांच्या डोक्याच्या वर हवा. कठड्याजवळ कुंडी, क्रेट, विटांचा ढीग काहीही नको, कारण त्यावर चढायला दोन वर्षांच्या मुलाला दहा सेकंद पुरतात. टाकीची शिडी वर बांधून ठेवा. जिन्याचं दार लावून कडी घाला. कठडा बुटका असेल तर गच्चीचा विचारच सोडा, शाहू स्टेडियमसारखं मोकळं मैदान बरं, तिथं मात्र पळणाऱ्या पोरांमागे दोघी जणी लागतील.

आणि आता खरी किल्ली: पहारा. चौघी आहात ना? मग चाळीस मिनिटांचे दहा-दहाचे चार भाग करा. प्रत्येक भागात तिघींनी व्यायाम करायचा, चौथीनं फक्त पोरं बघायची. फक्त बघायची, म्हणजे हातात मोबाइल नाही, बाजूला उभं राहून बैठका नाहीत. कुणाचंही पोर रडलं तरी आधी पहाऱ्यावाली जाईल, आई नाही. पहिले तीन-चार दिवस हे जमणार नाही, पोर आईचाच पाय धरेल. तेव्हा आईनं पोराला उचलून घ्यावं आणि उचललेल्या पोरासकट जे जमेल ते करावं. आठवड्याभरात पोरांना कळतं की आई इथंच आहे, कुठं जात नाहीये.

हिशेब मांडून बघा. चाळीस मिनिटांत प्रत्येकीच्या वाट्याला तीस मिनिटं व्यायाम. आठवड्याला तीन दिवस म्हणजे नव्वद. त्यात तीस-तीस मिनिटं भरभर चालण्याचे दोन दिवस मिळवा, १५० भरली. चालताना दोन वाक्यं बोलता यावीत पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. चौघींपैकी एक आजारी, एक माहेरी असं होतच राहणार. दोघीच उरल्या तर वीस-वीस मिनिटं करा आणि घरी जा.

व्हिडिओ बंद करा. तो लावला की मोठी माणसं त्याच्यामागे धावतात आणि पोरं त्याच्यापुढे बसतात. दोन वर्षांखालच्या मुलांना तर स्क्रीन नकोच. सहा प्रकार एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा, शेजारी थोरल्या मुलांना त्यांची चित्रं काढू द्या. आजचा पहिला प्रकार कुठला हे रोज एका मुलानं ठरवायचं.

सुरुवातीची पाच-सहा मिनिटं डोंगर-पाणी. खडूनं चार-पाच मोठी वर्तुळं काढा, ते डोंगर. ‘पाणी!’ म्हटलं की पोरं बाहेर पळतील, ‘डोंगर!’ म्हटलं की आत. तुम्ही उड्या न मारता, गुडघे उचलत भरभर चालायचं. तेवढ्यानं अंग तापतं.

मग सहा प्रकार, पहिले चार प्रत्येकी दहा वेळा. पहिले दोन आठवडे दोन फेऱ्या, नंतर तीन.

पहिला, खुर्चीवरून उठ-बस. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची घसरणारी नको. पाय खांद्याएवढे फाकवा, कुल्ले मागे न्या, खुर्चीला जेमतेम टेकवा, उठा. उठताना श्वास सोडायचा आणि ओटीपोटाचा तळ आवळायचा. बाळाला घेऊन करायचं असेल तर दोन्ही हातांनी छातीला चिकटून धरा. तुमचं बाळ आठ-नऊ किलोचं असेल. ते अंगाला लागून असताना जेवढं जड, त्याच्या कितीतरी पट ओढ ते हातभर पुढे धरल्यावर कमरेला बसते. एका कडेवर घेऊन बैठका नकोत, मणका तिरका राहतो. गुडघे आत वळतायत का हे शेजारणीला बघायला सांगा, बहुतेकींचे वळतात. आणि लांब मंगळसूत्र, ओढणी घरी ठेवून या. खाली बसताना बाळाच्या मुठीत आलेलं मंगळसूत्र वर उठताना तुमच्या मानेला आणि त्याच्या बोटांना दोन्हीकडे काचतं.

दुसरा, भिंत ढकलणं. भिंतीपासून दोन फुटांवर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपर वाकवत छाती भिंतीजवळ न्या, ढकला. कंबर मागे पडू देऊ नका. पोरांनी शेजारी उभं राहून भिंत पाडायची. ती पडत नाही यात त्यांना भारी मजा वाटते.

तिसरा, बोगदा. साताऱ्यातल्या पोरांना बोगदा काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही, सज्जनगडाच्या वाटेवर एक आहे आणि पुण्याच्या वाटेवर खंबाटकीचा. उताणं झोपून गुडघे वाकवा, कुल्ले उचला, पाच सेकंद धरा. तेवढ्यात खेळण्यातली गाडी कंबरेखालून पार गेली पाहिजे. हा सहाही प्रकारांतला माझा सगळ्यात आवडता, कारण यात पोराला खरंच काम असतं आणि आईच्या कुल्ल्यांना, पाठीला, तळाला एकदम व्यायाम होतो. मात्र पोटावर कुणी बसायचं नाही. कुल्ले आवळून उचला, कंबर कमानीसारखी वाकवून नको. कंबरेत कळ आली तर उंची कमी करा.

चौथा, ओढणं. एक-एक लिटरच्या पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घ्या, गुडघे जरा वाकवून कंबरेतून पुढे झुका, पाठ सरळ ठेवा, कोपरं मागे ओढा. पाजणाऱ्या बाईचे खांदे पुढे आलेले असतात, त्यांच्यासाठी हा हवाच. पंधरा वेळा सहज जमायला लागलं की बाटली दोन लिटरची. वेग वाढवायचा नाही, वजन वाढवायचं.

पाचवा बगळा: एका पायावर वीस सेकंद, मग दुसऱ्या. सहावा, दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. मुलांना रिकाम्या छोट्या पिशव्या द्या, ती स्वतःच त्यात काहीतरी भरतात.

उरलेल्या वेळात पोरांचा पळापळीचा खेळ आणि तुमचं भरभर चालणं. शेवटी दोन मिनिटं आडवं पडून श्वास. पोरं अंगावर येऊन पडतील, पडू द्या.

सासूबाईंचं काम इथं आहे. मंगळागौरीचे खेळ त्यांना येत असणार. झिम्मा, पिंगा, काटवट कणा या सगळ्यांत पायांचं, पोटऱ्यांचं, खांद्यांचं काम असतंच. आठवड्यातला एक दिवस त्यांना शिकवायला गच्चीवर बोलवा. ‘व्यायाम नको’ म्हणणाऱ्या बाई झिम्म्याला नको म्हणणार नाहीत. फक्त बसफुगडी तुम्ही सध्या घालू नका, त्यात खोल बसून उड्या आहेत.

आणि फुगडीवरूनच, एक गोष्ट चौघींनीही लक्षात ठेवा. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांना मनगटाला धरून गरागरा फिरवायचं नाही, दोघींनी दोन हात धरून झोके द्यायचे नाहीत, एका हाताला धरून हिसक्यानं उचलायचं नाही. या वयात कोपराजवळच्या हाडाला धरून ठेवणारा पट्टा सैल असतो, हिसका बसला की हाड त्यातून निसटतं. मूल रडतं, मग हात जरासा वाकवून अंगाशी लोंबता ठेवतं आणि त्या हातानं काहीच घ्यायला तयार होत नाही. सूज दिसत नाही, म्हणून घरचे ‘नाटक करतोय’ म्हणतात. स्वतः ओढून बसवायला जाऊ नका. डॉक्टरांकडे ते सहसा काही क्षणांत बसतं. मूल उचलायचं ते बगलेत हात घालून. पाचव्या वर्षानंतर हा धोका कमी होतो, तरी तुमच्या थोरलीशीही गरागरा फुगडी नकोच.

थोरलीबद्दल. तिला शेजारी उभं करून बैठका मोजायला लावता, ती ऐकत नाही, असं तुम्ही लिहिता. ती ऐकत नाही हे बरंच आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली निदान ६० मिनिटं धाप लागेल अशी. पाच वर्षांपुढे दिवसाला सरासरी ६० मिनिटं जोराची. पण ती पळण्यातून, चढण्यातून, लंगडीतून होते. सेट आणि मोजणी या वयात त्यांच्या उपयोगाची नाही. तुमच्या गच्चीवरची चाळीस मिनिटं तिच्या दिवसाचा एक तुकडा आहे, सगळा दिवस नाही. शाळेतून आल्यावर ती किती वेळ बसून असते ते बघा, तिथं बदल करायला जास्त वाव आहे.

आणि ती खरंच जाड आहे का? हे डोळ्यांनी ठरवू नका, शेजारणीच्या सांगण्यावरून तर नकोच. बालरोगतज्ज्ञांकडे उंची-वजनाचा तक्ता असतो, त्यावर तिची आजवरची नोंद काढून घ्या. पुष्कळदा उंचीच्या मानानं वजन ठीकच निघतं. ठीक नसेल तरी या वयात वजन उतरवायचं नसतं, उंची वाढेल तसं ते जागेवर येऊ द्यायचं असतं, आणि ते डॉक्टर सांगतील तसं. तोवर गच्चीवर दोन गोष्टी बंद. ‘पोट कमी करायचंय’, ‘जाडी झालेय’ असं स्वतःबद्दलही तिच्यासमोर बोलायचं नाही. आणि ‘एवढं केलंस तर बिस्किट’ नाही. व्यायाम ही शिक्षा आणि खाणं हे बक्षीस, असा हिशेब पोरं फार लवकर शिकतात, मग तो मोडता मोडत नाही.

नवऱ्याचे सूर्यनमस्कार. जिल्ह्यातल्याच औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, त्यांचा हिरिरीनं प्रसार केला, तेव्हा साताऱ्याच्या माणसानं ते सुचवणं साहजिक आहे, आणि सल्ला वाईटही नाही. पण ‘बारा घातले की संपलं’ हे खरं नाही. बारा नमस्कार चार-पाच मिनिटांत होतात. घालायचे तर तुमच्यासाठी बदल करून: पाय उडी मारून मागे न्यायचे नाहीत, एकेक. हातापायांवर सरळ तोलायच्या अवस्थेत गुडघे टेकवा. साष्टांग अवस्थेला आधी गुडघे, मग छाती, पोट लोंबू द्यायचं नाही. भुजंगासनात कोपरं वाकलेली ठेवून थोडंच वर या. पोटाच्या मधोमध उंचवटा दिसला तर ती अवस्था सध्या वगळा. सकाळी मुलं उठायच्या आत सहा झाले तरी चांगलं. आणि एक दिवस नवऱ्यानंच सव्वापाचला गच्चीवर पहाऱ्याला उभं राहावं, म्हणजे चौघींना पूर्ण चाळीस मिनिटं मिळतील. सूर्यनमस्कारापेक्षा ही मदत मोठी.

चार भिंती आणि अजिंक्यतारा. जा जरूर, साताऱ्यात राहून डोंगर न चढणं म्हणजे काय! पण बाळाला छातीशी बांधून चढू नका. पुढे बाळ असलं की स्वतःची पावलं दिसत नाहीत, उतरताना तर मुळीच नाहीत, आणि ठेच लागली की माणूस पुढेच पडतो. तुमच्या तळाच्या स्नायूंनाही आणखी आठ-नऊ किलो सध्या नकोत. बाळ घरी आजीकडे, किंवा नवऱ्याच्या पाठीवरच्या कॅरियरमध्ये, तेही बाळ आधाराशिवाय नीट बसत असेल आणि कॅरियर पाठीवर घेण्यासाठी बनवलेलं असेल तरच. बाळाचा चेहरा दिसला पाहिजे, हनुवटी आणि छातीत दोन बोटांचं अंतर पाहिजे, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर पाहिजेत. तासाभरापेक्षा जास्त वेळ मूल बांधून ठेवायचं नाही, मधे काढून मोकळं खेळू द्यायचं. कॅरियर लावून पळणं, उड्या मारणं कुणीच करायचं नाही.

थोरलीला चालू द्या. तिच्या वेगानं, दगड वेचत. ती निम्मी दमली असं वाटलं की तिथूनच परत फिरा. वर पोचायच्या हट्टापायी पुढे गेलात तर उतारावर तिला कडेवर घ्यावं लागेल, आणि गुडघ्यांना सगळ्यात जास्त त्रास त्यानंच होतो. प्रत्येक मुलामागे अर्धा लिटर पाणी घ्या, सकाळी लवकर निघा. पावसाळ्यात पायवाटेवर शेवाळ धरतं, तेव्हा गाडीरस्त्यानंच, रस्त्याची कड धरून. बाबागाडी ढकलत पळायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर गोडोलीच्या उतारांवर तो काढून टाका.

उड्यांकडे आणि पळण्याकडे परत कधी? बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत कुणीच पळू नये, हा साधारण नियम. तुमचे अकरा झालेत, पण महिने भरले म्हणून परवानगी मिळत नाही. ३० मिनिटं भरभर चालणं, एका पायावर १० सेकंद, एका पायावर दहा अर्ध्या बैठका, जागच्या जागी एक मिनिट हलकं पळणं, प्रत्येक पायावर दहा लंगड्या उड्या, हे सगळं थेंबही न जाता आणि खाली जडपणा न वाटता जमलं, की मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं सुरू करा. तुमच्यापैकी कुणी यवतेश्वरच्या घाटातल्या हिल मॅरेथॉनचं स्वप्न बघत असेल तर तिलाही हीच पायरी.

राहिली ट्रॅम्पोलीन. घेऊ नका. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हाडांचे डॉक्टर ती नकोच म्हणतात. जास्तीत जास्त इजा होतात त्या एकाच वेळी दोन-तीन पोरं उड्या मारत असताना, आणि तुमची तर सहा आहेत. शिवाय पोरं उतरली की एखादी आई ‘बघू तरी’ म्हणून चढणार, आणि आपण पुन्हा पत्राच्या शेवटच्या ओळीवर. त्या वर्गणीतून गच्चीवर न सरकणाऱ्या दोन जाड रबरी चटया, एक मोठा मऊ चेंडू आणि रंगीत खडूंचे दोन डबे घ्या. खडू जास्तच घ्या, लंगडीची घरं रोज पुसली जातात.